सांकेतिक लिपींतलें सारस्वत

१८५३ च्या एप्रिल महिन्यांत आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली आणि दुसऱ्याच वर्षीं कल्याणास पोहोंचली. प्रगति म्हटली कीं असा पुढें धांवणारा रस्ताच डोळ्यांपुढें येतो. परंतु त्याच ठाण्यांत १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांनीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. जुनें वाङ्मय जमविण्याच्या या हव्यासास प्रगति म्हणावें काय?

भावे यांच्या पुढील उद्योगांत याचें उत्तर सांपडतें. ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथासाठीं ते जुनीं हस्तलिखितें धुंडाळीत असतां महानुभाव पंथाच्या पोथ्या समोर आल्या. भाषा मराठी, परंतु लिपि सांकेतिक. एका अक्षराच्या जागीं भलतेंच चिन्ह. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे व भावे यांच्या परिश्रमानें या लिपीची किल्ली पंथाबाहेर आली. मराठी वाङ्मयाचा उगम ज्ञानेश्वरीपाशीं मानणाऱ्या महाराष्ट्रास त्याहूनहि जुना गद्यग्रंथ, म्हाइंभटाचें ‘लीळाचरित्र’, वाचावयास मिळाला.

मग जें कोणी वाचलें नाहीं तें वाङ्मय शतकानुशतकें अस्तित्वांत होतें काय? श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, पोथी होती, म्हणजे वाङ्मय होतें. पंथीयांपुरतें तें खरेंच. तें त्यांच्या नित्यपाठांत होतें. बाहेरच्यांनीं मात्र एक ओळहि न वाचतां पंथाची यथेच्छ निंदा केली. न वाचलेल्या माणसांविषयीं समाज जें रचतो, तेंच त्याला सत्य वाटूं लागतें. धर्मग्रंथ उघडे करणें पंथांतील कित्येकांस रुचलें नाहीं, आणि त्यांचा संकोच समजण्याजोगा आहे. तरी किल्ली बाहेर आली हें बरेंच झालें. नाहींतर निंदेस उत्तर कशानें मिळतें?

त्या पानांतून निघालें तें मोठें नवलाचें. ज्या चक्रधरांच्या लीळा मराठी गद्याचें पहिलें वैभव ठरल्या, ते परंपरेप्रमाणें जन्मानें गुजराती. शिवाय एकाच्या मृत देहांत दुसऱ्याच्या आत्म्यानें प्रवेश केल्याची कथा त्यांच्याविषयीं सांगतात. मराठीपण रक्तांत शोधणाऱ्यांची येथें पंचाईतच होते.

आणि या चरित्रांतलें वास्तव तरी कोणतें? म्हाइंभट आठवणी गोळा करीत साक्षीदारांपाशीं फिरला. मूळ पोथी धामधुमींत नाहींशी झाली व शिष्यांच्या स्मरणांतून ती पुन्हा सिद्ध केली, असें परंपरा सांगते. जेथें दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत, तेथें दोन्ही नोंदविलेल्या आढळतात.