खाडींतील बेटें आणि नवे मार्ग

मुंबई बंदराचा नकाशा पुढें घेऊन पूर्वेच्या किनाऱ्याकडे पाहिलें असतां घारापुरी, न्हावा आणि शेवा हीं तीन नांवें जवळजवळ लागतात. पैकीं घारापुरी अद्याप बेट आहे. न्हावा व शेवा हीं नांवें मात्र आतां बहुतेकांना एका शब्दासारखीं ठाऊक आहेत. तो शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें उभें राहतें तें बेट नव्हे, तर पोलादी पेट्यांचे ढीग आणि उंच याऱ्या. एकेकाळीं त्यांच्याभोंवतीं भरतीचें पाणी खेळत असे आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर कोळणी निवट्या, चिंबोऱ्या व कालवें वेंचीत. 26 मे 1989 रोजीं तेथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. भराव पडले, रस्ता आला, लोहमार्ग आला आणि बेट किनाऱ्याला चिकटलें.

बेटापर्यंत मार्ग नेण्याच्या मुख्य रीति दोन: खांबांवरून पूल नेणें, किंवा दगडमातीचा बांध घालणें. प्रवाशाच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच. खाडीच्या दृष्टीनें मात्र त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें व दोनदां उतरतें, आणि या येरझारेमुळेंच तेथील गाळ हलता राहतो. बांधानें पाण्याचा वेग मंदावला कीं गाळ खालीं बसूं लागतो. तो पुरेसा उंचावला म्हणजे त्यावर तिवरें उगवतात. तिवरें वाढलीं हें ऐकून कोणालाही बरेंच वाटेल. परंतु उघड्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना ती झाडी निरुपयोगी. उलट बांधाच्या आंतल्या अंगास भरती पोंचेनाशी झाली, तर तेथील जुनीं तिवरें उभ्याउभ्या वाळून जातात. त्यांच्या मुळांच्या आश्रयानें मासळीचीं पिलें वाढत असतात. म्हणून ज्या दिवशीं बांध पुरा होतो त्या दिवशीं कोळ्याच्या जाळ्यांत कांहींच फरक पडत नाहीं. तो पडतो कांहीं वर्षांनीं, आणि तेव्हां त्याचें कारण सिद्ध करण्याचा भार बहुधा कोळ्यावरच येतो.

हा भार उरण-पनवेलच्या पारंपरिक मच्छीमारांनीं उचलून पाहिला. 27 फेब्रुवारी 2015 रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें पीठानें 1,630 कुटुंबांना प्रत्येकीं 5,84,000 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 95 कोटि रुपये भरपाई ठरविली. पुढें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. शेवा कोळीवाड्यांतील लोकांचें दैव याहूनही विचित्र. बंदरासाठीं त्यांचा गांव उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यांत वसविण्यांत आला, आणि तेथें वाळवीनें त्यांचीं घरें पोखरलीं. ज्यांचा जन्म भरती-ओहोटीच्या हिशेबांत गेला, त्यांना दारें-खिडक्या राखीत बसावें लागलें.

मुंबईकरांस हा विषय अगदींच नवा नसावा. त्यांचें शहरच बेटें जोडून झालेलें आहे. माहीम आणि वांद्रें यांमधील रस्ता 1845 सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगींतून बांधला गेला. त्यापूर्वीं तेथें होडीनें उतरावें लागे व अपघात होत. तेव्हां त्या दानाची थोरवी कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु मिठी नदी समुद्रास मिळते ती तेथेंच. पुढें विमानतळासाठीं याच नदीला काटकोनांत वळावें लागलें, आणि तिचे कांठ भरावानें आवळले गेले. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ती आपली जुनी जागा शोधीत घरोघर शिरली.

म्हणूनच नव्या मुंबईंतील विमानतळाकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. 1,160 हेक्टरांच्या या प्रकल्पासाठीं सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, तिच्या दगडानें सखल खाजण भरलें, उलवें नदीचें पात्र वळविलें आणि दहा गांवें हलविलीं. 8 ऑक्टोबर 2025 रोजीं त्याचें उद्घाटन होऊन 25 डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. धांवपट्टी उंच आहे, तेव्हां ती बुडण्याची भीति थोडी. प्रश्न आहे तो शेजारच्या सखल वस्त्यांचा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळीं आलीं, तर पूर्वीं खाजणांत पसरणारें पाणी आतां कोठें पसरावें?

त्या मानानें शिवडी-न्हावा सेतु अधिक सुजाण म्हणावा लागेल. 12 जानेवारी 2024 रोजीं खुला झालेला हा 21.8 किलोमीटरांचा मार्ग समुद्रावरून सुमारे 16.5 किलोमीटर जातो तो खांबांवर, आणि शिवडीच्या बाजूस रोहित पक्ष्यांसाठीं आवाज अडविणाऱ्या भिंतीही आहेत. या पक्ष्यांचें मुख्य आश्रयस्थान ठाण्याच्या खाडींत. 2015 सालीं तें अभयारण्य झालें व 2022 मध्यें रामसर यादींत गेलें. पण भरतीला खाडीचा चिखल बुडाला कीं पक्षी नेरूळ-उरणकडील उथळ तळ्यांवर विसांव्यास येतात. तीं तळीं बुजविलीं म्हणून पक्षी निघून जातील हा समज भाबडा आहे. ते जागा शोधीत हवेंत अधिक वेळ घिरट्या घालतील. 20 मे 2024 रोजीं घाटकोपरवर एका विमानाची थव्याशीं टक्कर होऊन सुमारे 39 रोहित मेले, ही गोष्ट नव्या विमानतळाच्या चालकांस विसरून चालणार नाहीं.

मालदीवांत हुळुले हें सबंध बेटच विमानतळ झालें आहे. आपल्याकडे घारापुरीला जाण्यास अजून लाँचच लागते. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तेथील तिन्ही वाड्यांवर 2018 सालीं वीज पोंचली ती समुद्रतळावरून नेलेल्या तारेनें. त्या तारेवरून आजही भरती-ओहोटी पूर्वीसारखीच जात आहे.