बरणीच्या तळाचा रवा

दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा बेंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूम्सनं, म्हणजे एमटीआरनं, रव्याची इडली केली, असं सांगतात. आज ती घरोघरी होते. तुमच्याही डब्यात अशा इडलीजोगा जुना रवा असेल. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चवीची आणि दर्जाची असते. ती उलटली म्हणजे रवा बाद झाला, असं नाही. ‘एक्स्पायरी’ उलटली असेल, तर मात्र वापरू नका. रवा चाळून, हुंगून बघा. खवट वास, जाळी, बुरशी आढळली तर टाकून द्या. बुरशीचं विष भाजूनही जात नाही. चांगला असेल तर तुपाच्या फोडणीत परता, आंबट ताकात अर्धा तास भिजवा, चिमूटभर सोडा घालून इडल्या वाफवा. अन्न वाचवणं आपल्याच हाती आहे.