विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात भायखळा येथे केलेले भाषण)



मी आज भौतिकशास्त्राच्या संशोधनाविषयी बोलणार आहे हे कळल्यावर माझे सहकारी शिक्षक मघाशी हसले. त्यांचे हसणे रास्त आहे. मी बी.ए., बी.एड.; शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. पण गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला अशा एका प्रश्नात गुंतवले की त्यातून मी स्वतःच बरेच शिकलो. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

ही मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वडील मदनपुऱ्यात बॅगा शिवण्याच्या कारखान्यात कामाला. तिला प्रकल्पासाठी विषय मिळाला होता, समुद्राचा रंग. गाइडात एका ओळीत उत्तर होते: आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा दिसतो. दुसऱ्या पुस्तकात लिहिले होते की निळेपणा पाण्याचाच आहे. ती म्हणाली, “सर, दोघांपैकी खरे कोणते?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक सवय असते. दोन पुस्तकांत तफावत आढळली की तो मूळ कागद मागतो. विज्ञानातही मूळ कागद असतो. ज्याने प्रयोग केला, त्याने स्वतः लिहून संशोधनपत्रिकेत छापलेला तो शोधनिबंध. पाठ्यपुस्तक हे त्याचे सार, आणि गाइड हे साराचेही सार. आपली हुशार मुले पदवी घेईपर्यंत या शेवटच्या पायरीवरच उभी राहतात, कारण वर आणखी पायऱ्या आहेत हे त्यांना कोणी सांगतच नाही.

पालकहो, ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेच्या दिवसांतली अभ्यासिका येते. पंख्याखालची एक शांत जागा. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला तीही मोलाचीच आहे. पण विद्यापीठाचे ग्रंथालय ही निराळी गोष्ट आहे. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. फोर्टमध्ये राजाबाई टॉवरखाली त्याचे जुने ग्रंथालय आहे. तो मनोरा १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव त्याला दिले. विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग मात्र कालिन्याच्या विद्यानगरीत आहे आणि तिथेच जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. भायखळ्याहून गाडीने कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. इतकेच ते अंतर.

तरीही पहिल्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो. एका ग्रंथालयाच्या दारावर आम्हाला विचारण्यात आले, “पत्र आहे का?” पत्र नव्हते. ती मुलगी खालमानेने परत फिरली आणि तिचे वडील म्हणाले, “सर, हे आपल्यासाठी नसतेच. मी तिला क्लास लावून देतो.” मित्रहो, मला दारावरच्या माणसाचा राग आला नाही; तो आपले काम करत होता. दुःख झाले ते “आपल्यासाठी नसतेच” या शब्दांचे. दार बंद नव्हते. आम्ही दार उघडण्याची रीत न शिकता गेलो होतो.

ती रीत सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावी.

पहिली गोष्ट, कागदपत्रे. महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र घ्या. पत्रात विषय स्पष्ट लिहा. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आणि वेळा आधी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट, जाण्यापूर्वी एखाद्या चांगल्या ग्रंथातून नाव आणि साल शोधा. ड्युई दशांश पद्धतीत भौतिकशास्त्राचा वर्गांक ५३० आणि प्रकाशाचा ५३५ आहे. ही पद्धत असेल तिथे तुम्ही थेट त्या कपाटापाशी जाऊ शकता. ग्रंथातील प्रकरणाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. मुले ती पाने सोडून देतात. खरा खजिना तिथेच असतो.

तिसरी गोष्ट, संदर्भ पुरा उतरवा: लेखक, पत्रिकेचे नाव, खंड, वर्ष, पृष्ठ. आणि ध्यानात ठेवा, कॅटलॉगमध्ये शोधनिबंधाचे नाव शोधून सहसा सापडत नाही. तिथे पत्रिकेचे नाव शोधायचे, मग खंड, मग पान.

चौथी गोष्ट, ग्रंथपालांना विचारा. “फिजिक्सची पुस्तके कुठे आहेत?” असे मोघम विचारू नका; उतरवलेला कागद त्यांच्यापुढे ठेवा. नेमके विचारणाऱ्याला नेमकी मदत मिळते.

पंधरा दिवसांनी आम्ही पत्र घेऊन पुन्हा गेलो. मुलीच्या वडिलांनी त्या दिवशी कामाचा खाडा केला. तिच्या कागदावर उतरवलेला संदर्भ होता: सी. व्ही. रामन, ‘नेचर’, खंड १०८, १९२१, पृष्ठ ३६७. ग्रंथालयातील बाईंनी तिला संगणकासमोर बसवले आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने रामन यांचे निबंध सर्वांना मोफत वाचायला ठेवले आहेत ते दाखवून दिले. पत्र छोटेसेच होते. समुद्राचा गडद निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी विलायतेहून परतताना बोटीवरच निकोल लोलकातून समुद्र पाहिला, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला, तरी निळा रंग उरलाच. म्हणजे गाइडातली ओळ अपुरी होती!

आता पाचवी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. निबंध सापडला म्हणजे शोध संपला असे नाही. त्यातील संदर्भांवरून मागे जा आणि पुढे त्या निबंधाचा आधार कोणी घेतला हेही पाहा. गूगल स्कॉलरवर ही सोय आहे. तसे पुढे जाता जाता तिला ब्रॉन आणि स्मिर्नोव्ह यांचा १९९३ सालचा निबंध मिळाला. पाण्याचे रेणू तांबडा प्रकाश किंचित शोषतात, म्हणून खोल पाणी निळे दिसते. जड पाण्यात हे शोषण तिथे होत नाही, म्हणून ते तसे निळे दिसत नाही. रामन यांनी रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर भर दिला होता. शोषणाचा वाटा मोठा आहे हे पुढे स्पष्ट झाले. थोर माणसाचे म्हणणेही तपासले जाते, आणि त्यात त्याचा अपमान नसतो.

आपण भाषणांतून इब्न अल्-हैसम यांचा अभिमान सांगतो. प्रकाशावर ‘किताब अल्-मनाझिर’ लिहिणाऱ्या त्या विद्वानाने टॉलेमीच्या ग्रंथांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण त्याआधी त्याने टॉलेमी बारकाईने वाचला होता. अभिमान बाळगायचा तर त्या वाचनाचा बाळगू या.

आज सोयी पुष्कळ आहेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. भौतिकशास्त्रज्ञ आपले निबंध १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर खुले ठेवतात. भारतीय विज्ञान अकादमीची ‘प्रमाण’ ही पत्रिका आणि विद्यार्थ्यांसाठीचे ‘रेझोनन्स’ मोफत मिळते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका सरकारी विद्यापीठांना व संस्थांना खुल्या झाल्या आहेत. आपले महाविद्यालय त्यात आहे का, हे आपल्या ग्रंथपालांना विचारा. पण मोबाइल हातात आहे म्हणून ग्रंथालय नको, असे समजू नका. काय शोधायचे हे ठाऊक नसेल तर मोबाइल पुन्हा गाइडातलीच ओळ दाखवतो.

पालकहो, मुलीला कालिन्यापर्यंत जाऊ द्या. पहिल्यांदा सोबत जा. क्लासची फी भरता, तसा महिन्यातला एक दिवस या कामाला द्या. आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, आपल्या माजी विद्यार्थ्यांना असे शिफारसपत्र कार्यालयातून त्याच दिवशी मिळावे.

एक गोष्ट सांगून संपवतो. रामन यांच्या त्या पत्राखाली ठिकाण छापले आहे: एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर, २६ सप्टेंबर. नारकुंडा ही पी. अँड ओ. कंपनीची बोट. या कंपनीच्या बोटींवर आपल्या कोकणातल्या किती घरांतले आजे-पणजे खलाशी म्हणून राबले, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. ते पत्र इथून हाकेच्या अंतरावरच्या बंदरातून गेले आणि ते आपल्या मुलीच्या हाती पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

परतताना गाडीत तिचे वडील बराच वेळ गप्प होते. मग भायखळा आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, “सर, पुन्हा कधी जायचे?”

हाच प्रश्न तुम्ही आज घरी जाऊन आपल्या मुलांना विचारावा, एवढीच विनंती. खुदा हाफिज.