गावचा तलाव आणि गावची खडी गंमत



धान कापून, बांधून खळ्यावर आलं की आपल्या पूर्व विदर्भात डफ-ढोलकीचे दिवस सुरू होतात. रामटेक-मौद्याकडे खडी गंमत, भंडारा-गोंदियाकडे दंडार, वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम असतो. या हंगामातली एक रात्र गावच्या तलावासाठी राखून ठेवा, असं मी आज सुचवणार आहे. ती कशी राखायची, तेही सांगतो.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळसे गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधले. जमिनीचा उतार नजरेनं हेरायचा, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम आणि जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, एवढीच त्यांची यंत्रसामग्री. पुढे पाळीवर माती टाकणं, गाळ काढणं ही कामं मालगुजार गावाकडून करवून घेई. (त्या कारभारात वेठही होती, तेव्हा त्याचे गोडवे गायचं कारण नाही.) १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाणी आपलं पण तलाव सरकारचा, असा प्रकार झाला. गाळ साचला, बेशरम माजली, कुठं कुठं तलावाच्या पोटातच नांगर फिरू लागला. परतीचा पाऊस दगा देतो आणि धान लोंबीवर असताना एक पाणी कमी पडतं, तेव्हा सगळ्यांना तलाव आठवतो. त्या वेळी आठवून काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, तलावाचं काम फावड्याचं, तिथं डफ कशाला? पण फावडं उचलायला माणूस घरातून बाहेर निघायला पाहिजे ना! संत गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव ग्रामसफाई आणि श्रमदान पोहोचवलं. अलीकडचं पाहा. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा तीन तालुक्यांत झाली, त्यांत नागपूर जिल्ह्याला लागून असलेला वरूड तालुका होता. २०१७ च्या स्पर्धेसाठी अजय-अतुल यांनी केलेलं 'तुफान आलंया' हे गाणं गावागावांत वाजलं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात माणसं टिकाव-घमेली घेऊन निघाली. मात्र एक लक्षात घ्या. त्या गावांतली माणसं आधी प्रशिक्षणाला जाऊन आली होती. कुठं काय खोदायचं हे ठरलेलं होतं. गाणं वाजलं आणि काम ठरलेलं नसलं, तर माणसं गाणं ऐकतात आणि घरी जातात.

म्हणून तलावाची गंमत ठरवताना शाहिराला आधी तलाव दाखवा. पाळीवरून चालवा. कुठं पाळ खचली, तुडुम कुठून गळतं, सांडवा कोणत्या कचऱ्यानं बुजला, हे त्याच्या डोळ्यांनी दिसू द्या. "पाणी वाचवा, पाणी वाचवा" असं नुसतं गायलं तर कोणी हलत नाही, तशा घोषणा एसटी स्टँडच्या भिंतीवरही लिहिलेल्या असतात. आपल्या पाळीचं भगदाड गाण्यात आलं की मात्र लोक कान टवकारतात.

खडी गंमतीची दुसरी ताकद सोंगाड्यात आहे. तलावात अतिक्रमण कोणी केलं, रात्री तुडुम कोण उघडतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रामसभेत कोणी बोलत नाही, कारण उद्या त्याच माणसाशी बांधाला बांध आहे. सोंगाड्याला ती अडचण नाही. शाहीर विचारतो, "काऊन बाप्पा, नांगर घेऊन कुठी चालला?" "तलावात पेरायले." "अन् मंग पाणी कुठी साठन?" "पाणी सरकार आणन ना टँकरनं!" मंडप हसतो, आणि ज्यानं समजायचं तो खाली मान घालून समजतो. नाव मात्र कोणाचंही घ्यायचं नाही, जातीवरून तर मुळीच नाही. नाव घेतलं की गंमत संपते आणि भांडण सुरू होतं.

बायाबापड्यांसाठी बसायची वेगळी, उजेडाची जागा करा आणि खेळ लवकर सुरू करा. पाण्याची खरी ओढाताण त्यांनाच ठाऊक असते. भजनी मंडळातल्या बायकांना एक पद म्हणायला सांगितलं तर शाहिरालाही उसंत मिळते. कलावंतांची बिदागी आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. काम पुण्याचं आहे म्हणून कलावंतानं फुकट नाचावं, हे काही बरोबर नाही. २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावच्या नाच्याचीही कदर व्हायला हवी.

खेळ संपण्याआधी, माणसं उठायच्या आत, सरपंचांनी उभं राहून कामाची तारीख सांगावी आणि घरटी एक माणूस लिहून घ्यावा. त्याआधी दोन गोष्टी झालेल्या असाव्यात. तलाव ज्या खात्याकडे असेल त्याची, बहुधा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाची, लेखी परवानगी घ्यावी. आणि ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेशी बोलणी करावी. त्यांना न विचारता तलाव कोरडा केला तर त्यांचं वर्षाचं पोट बुडतं.

काम एप्रिल-मे मध्ये करावं. बेशरम मुळासकट उपटा, आणि उपटलेली ओल्यात टाकू नका, तिच्या कांडीला पुन्हा मूळ फुटतं. गाळ हलक्या, मुरमाड शेतात पातळ पसरावा. भारी चिकण जमिनीत तो टाकून फायदा नाही. खोदताना गाळ संपला की थांबा. तळाची चिकण माती फोडून मुरूम लागला तर पाणी खालून निघून जाईल. पाळीच्या पायथ्यालगत तर अजिबात खोदू नका. उंदीर-खेकड्यांची बिळं फोडून, ओली माती ठोकून भरा.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री दोन माणसं बॅटरी घेऊन पाळीवर असू द्या. पाळीच्या मागच्या अंगाला झिरपणारं पाणी नितळ असेल तर नुसती नजर ठेवा. ते गढूळ यायला लागलं, तर आतून माती वाहतेय असं समजा, खालच्या घरांतली माणसं ताबडतोब हलवा आणि तलाठी व पाटबंधारे खात्याला त्याच वेळी कळवा. दवंडीला डफ गावात आहेच.