भाकड म्हशीचे तीन महिने



पनवेलच्या दूधवाल्याच्या पहाटेच्या कष्टांची थोरवी आपण नेहमी गातो. परंतु त्याचा संसार तरला तो भाताच्या पेंढ्यावर, असे आम्हांस वाटते. म्हैस व्यायल्यापासून सुमारे दहा महिने घर पोसते. पुढे दोन-तीन महिने ती भाकड राहते आणि घराला तिला पोसावे लागते. मुंबईच्या तबेल्यांत विकतच्या चाऱ्यावर भाकड जनावर परवडत नसे. पुष्कळदा ते कसायाकडे जाई. आपल्या खळ्यावर स्वतःचा पेंढा होता, म्हणून तीच म्हैस आपल्या गोठ्यात पुन्हा विई.

1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदला ठरला तो जमिनीचा. पेंढ्याचा नि चराईचा हिशेब कोणी मांडला नाही. 1984 च्या जानेवारीत श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला; परंतु भूखंडावर गोठा चालत नाही.

शेण, आंबोण, धार हे कष्ट बहुतांशी घरच्या स्त्रीचे. सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे. म्हणून ज्यांची जमीन अद्याप शिल्लक आहे त्यांना आमची विनंती आहे, की विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब तिला विचारून मांडावा, आणि विकणे प्राप्तच झाले तर तिचा वाटा तिच्याच नावे ठेवावा.