पाडण्याआधी पाहावे

नगराची सुधारणा म्हणजे जुनी घरे पाडून रुंद रस्ते काढणे, असा समज फार दिवसांपासून रूढ आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. दाट वस्ती आणि कोंदट हवा यांवर इलाज म्हणून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने मुंबईला प्रशस्त रस्ते व नव्या वसाहती दिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुन्या चाळी आधी पडल्या. त्यांतील गरिबांसाठी पुरेशी घरे वेळेवर उभी राहिली नाहीत. कामाच्या जागेपासून दूर जाणे मजुराला परवडणारे नव्हते. तो शेजारच्या चाळीत शिरला आणि एका खोलीत दोन बिऱ्हाडे नांदू लागली. दाटी नाहीशी झाली नाही; तिने केवळ पत्ता बदलला.

याहून निराळा मार्ग इंदूरकरांच्या पूर्वजांनी पाहिला आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी लिहिलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी गल्लीबोळ पायी हिंडावेत, असा त्यांचा परिपाठ होता. अगदी मोडकळीस आलेले घर तेवढे काढावे, त्या जागी मोकळे अंगण ठेवून झाड लावावे, बाकीची घरे दुरुस्त करावीत आणि विहिरी बुजवू नयेत, असे त्यांचे सांगणे. चांगला शस्त्रवैद्य बोट दुखते म्हणून हात तोडीत नाही, तशीच ही जपून केलेली शस्त्रक्रिया होय.

लोकांना बरोबर घेण्याची त्यांची हातोटीही विलक्षण होती. इंदुरात दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या मोहल्ल्यांनी घरे झाडून-सारवून दुरुस्त केली असतील त्या वाटेने जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चुरस लागली. दंडाच्या धाकाने जे साधत नाही, ते अभिमानाने साधले.

२०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेसाठी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत इंदूर होते. राजवाड्याभोवतीचा जुना भाग त्या योजनेत आला. अशा वस्तीत एक भिंत मागे सरकते तेव्हा कोणाचे दुकान, कोणाचे देवघर, कोणा वृद्धेची बसण्याची ओसरी जाते. काही घरे खरोखरच धोक्याची असतात व ती उतरविलीच पाहिजेत. मात्र तेथील कुटुंबाला त्याच परिसरात पर्यायी घर मिळाल्यावाचून पहार उचलली जाऊ नये.

आपल्या देशात १९५६ साली गलिच्छ वस्त्यांविषयी कायदा झाला. त्याच्या नावात ‘सुधारणा’ हा शब्द आधी आणि ‘निर्मूलन’ हा नंतर येतो. प्रत्यक्ष कामातही हाच क्रम पाळला गेला, तर नगरे नवी होतील आणि नागरिक मात्र आपापल्या दारी राहतील.