शंभर मुलं शाळेत गेली, पुढच्या वर्गात किती पोचली?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला शिक्षणावर दोन शब्द बोला, असं मंडळाने सांगितलं. आता शिक्षणाचं महत्त्व आपल्या वस्तीत कोणाला सांगायची गरज राहिलेली नाही. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी आपली ताईसुद्धा पोराच्या फीसाठी भिशी लावते. म्हणून आम्ही आज महत्त्व सांगणार नाही, मोजणीबद्दल बोलणार आहोत. आपली किती मुलं शाळेत गेली, किती टिकली, किती शिकली आणि किती वाटेतच गळाली, याचा हिशेब कोणी ठेवायचा, हा आमचा विषय.

हा हिशेब मागण्याची परंपरा आपलीच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली.

पुढे १९२७ साल. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चला झाला, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, ते फारसं कोणी सांगत नाही. ते नुसतं भाषण नव्हतं, ती उलटतपासणी होती. सरकार दरडोई चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हे त्यांनी दाखवलं. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात, ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे दाखवलं. मग त्यांनी वर्गवार हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची हजारी ११९ मुलं आणि मागास वर्गाची फक्त १८. कॉलेजात तर मागास वर्गाचा आकडा जवळजवळ शून्य.

बंधू-भगिनींनो, यातले आकडे सरकारचेच होते, शिक्षणखात्याच्या अहवालातून आलेले. ते कागद सर्वांसमोर होते, पण प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की खालच्या माणसाचं दुःख त्यात बुडून जातं. म्हणून त्यांनी वेगळं मोजलं. आकडा म्हणजे रुक्ष गोष्ट नव्हे. ज्याचा आवाज सभागृहात पोचत नाही, त्याची ती साक्ष आहे.

आता आजचं पाहू. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पटावर नाव नसलेलं मूल आता क्वचितच सापडतं. पण पटावर नाव असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी सुरू केली. ग्रामीण भागात जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं. स्थानिक महाविद्यालयांचे विद्यार्थी, शिक्षक-प्रशिक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था असे लोक घरी जातात, एकेका मुलाजवळ बसतात आणि अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट वाचून घेतात. करोनानंतर २०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण तिसरीच्या शंभर मुलांतली साधारण वीसच दुसरीचा धडा वाचू शकत होती. २०२४ मध्ये ती सत्तावीस झाली. सुधारणा आहे, नाही असं नाही. पण उरलेल्या त्र्याहत्तरांचं काय?

आपल्या राज्यानेही मोजणी केली आहे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम निघाला. आधी मुलांची पायाभूत चाचणी घ्यायची, कोण कुठे अडलं ते पाहायचं आणि तिथून शिकवायचं, असा तो विचार. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून गुरुजी जाऊ लागले. त्याच साली 'सरल' प्रणाली आली आणि मुलांची नोंद संगणकावर गेली. गाव सोडून कामाला जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक निघालं, म्हणजे मूल दुसऱ्या गावी गेलं तरी त्याची इयत्ता आणि प्रगती त्याच्याबरोबर जावी.

व्यवस्था चांगली आहे, पण तिला एक फट आहे. सरकारी नोंद मुलाला शाळेमार्फत ओळखते. जे मूल दोन शाळांच्या मधे आहे, ते कोणत्या शाळेने मोजायचं? आणि आपलं मारुंजी तर नेमकं अशा जागी आहे. कागदोपत्री मुळशी तालुका, शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क, पलीकडे पिंपरी-चिंचवड. इमारती उभ्या राहतात, त्या बांधणारा मजूर मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून येतो आणि काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातो. त्याचं लेकरू इथे चार महिने, तिथे सहा महिने. 'डोअर स्टेप स्कूल' ही संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुणे परिसरात आली. तिच्या लोकांनी आणि नागरिकांनी बांधकामाच्या साइटवर जाऊन मुलं मोजली आणि जवळच्या शाळेत नेऊन बसवली. शाळेच्या दप्तरात नसलेलं मूल शोधायला शाळेबाहेरचा माणूसच लागतो, हा त्यातला धडा.

दुसरी फट नववीची आहे. शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. त्यानंतर पोरगं एखाद्या विषयात नापास झालं, चार दिवस घरी राहिलं, की भोसरी-चाकणच्या एखाद्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून चिकटतं. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसते. कोणी तिला शाळेतून काढत नाही, ती हळूहळू सुटत जाते.

याच गोष्टीवर अमेरिकेतल्या शिकागो शहरात मोठं काम झालं. तिथे १९९० साली विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरातल्या शाळांबरोबर भागीदारी केली. वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दिसलं, की मूल शेवटपर्यंत शिकणार की नाही हे नववीतच कळतं. पुढच्या वर्गात जाण्याइतकं काम पुरं आहे का आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त वेळा नापास झालंय का, एवढं पाहिलं तरी पुरतं. घरची परिस्थिती किंवा आधीचे गुण यांपेक्षा ही खूण खरी ठरली. मग शिक्षक वर्षाअखेर थांबले नाहीत. मूल घसरायला लागलं की त्याच आठवड्यात त्याला हाक मारू लागले. २००७ मध्ये नववीची शंभरातली सत्तावन्न मुलं वाटेवर होती, २०१३ मध्ये ब्याऐंशी झाली. काळी मुलं आणि गरीब वस्तीतली मुलंही त्यात होती. म्हणजे मूल कोणाच्या पोटी जन्मलं यावर सगळं ठरत नाही. वेळेवर कोणी विचारलं का, यावर बरंच ठरतं.

मग आपण काय करायचं? आमची सूचना साधी आहे. विहारात एक वही ठेवू. वस्तीतलं प्रत्येक घर, घरातलं प्रत्येक मूल, त्यात भाडेकरूंची आणि साइटवरची मुलंही आली. जात-धर्म-भाषा न बघता. महिन्यातून एकदा चारच गोष्टी लिहायच्या : शाळेत किती दिवस गेलं, धडा वाचता येतो का, कोणत्या विषयात अडलंय, आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांतलं काय राहिलंय. आपल्या परिसरात महाविद्यालयं आहेत, तिथली मुलं आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊणशे टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या आयाबायांनी तिथे जाऊन बसावं आणि वहीतलं तिथे मांडावं. शाळेशी भांडायला नव्हे, शाळेला हातभार लावायला.

दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. पहिलं, कोणत्याही मुलाचं नाव चारचौघांत वाचायचं नाही. 'हे ढ आहे' असा शिक्का मारायला ही वही नाही. आपल्या लोकांनी पुष्कळ शिक्के सोसलेत. दुसरं, नोंद केली की मदत गेलीच पाहिजे. ज्या मुलाच्या नावापुढे चार महिने तीच अडचण लिहिलेली दिसेल, त्यात दोष मुलाचा नसून आपला धरायचा.

कोणी म्हणेल, हे शाळेचं काम, विहाराचं नव्हे. पण संध्याकाळी हा हॉल रिकामा असतो, दिवा आहे, पंखा आहे, बसायला सतरंजी आहे. वंदना झाल्यावर दोन तास इथे मुलं बसली तर विहाराचं पावित्र्य वाढेलच.

वहीसाठी आम्हाला दहा माणसं हवीत, त्यात निदान पाच महिला. कार्यक्रम संपल्यावर दारापाशी नाव द्या. पुढच्या वर्धापनदिनाला आम्ही भाषण करणार नाही. नावं न घेता फक्त एवढं सांगू, की नववीत किती होती आणि दहावीत किती पोचली. तो आकडा ऐकून टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची, हे आजपासूनच्या बारा महिन्यांवर अवलंबून आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.